तोंड बारीक करू नको

मामांच्या फोटोच्या दुकानात टेबलफॅन एकच होता आणि त्याचं तोंड गिऱ्हाइकाकडं कधीच नसायचं. हिंगोलीत मे महिन्यात काय ऊन असतं ते मी काय सांगू! माणसं बाकावर घामानं निथळतायत, नवरदेव तोंडावरची पावडर पुसून पुसून वैतागलाय, आणि पंखा आपला कोपऱ्यातल्या काळ्या डब्याला वारा घालतोय. कुणी तो फिरवायला गेलं की आतून आवाज यायचा, "हात लावू नको त्याला! तुला घाम आला तं तू पुसशील. तिचा कोन पुसन?"

ती म्हणजे पेटी, आणि पेटी म्हणजे त्यांचा सर्व्हर. उभ्या आयुष्यात काढलेले फोटो मामांनी त्यात भरून ठेवले होते. निगेटिव्हांना बुरशी चढायला लागली तशी त्यांनी एकेक स्कॅन करून घेतली, मला बोलावून वेबसाइट बनवून घेतली, आणि ती वेबसाइट दुकानातल्याच त्या डब्यातून चालवायची असा हट्ट धरला. बाहेर कुठं जागा भाड्यानं घेऊ म्हटलं तर म्हणाले, "मानसं माझी, मंग दुसऱ्याच्या घरी काहून ठिवू?" गावाचं नाव टाकायचं की त्या गावातले चेहरे समोर. कुणीही बघावं, कुणीही उतरवून घ्यावं. "ज्याचं तोंड त्याला फुकट," हे मामांचं ठरलेलं वाक्य.

मी पुण्यातली नोकरी सोडून माघारी हिंगोलीला आलेली, घरी बसून लोकांच्या वेबसाइट बनवणारी बाई. मामा माझे कुणी लागत नव्हते. अख्खं गाव त्यांना मामा म्हणायचं म्हणून मीही म्हणायची. पण माझं जितकं डोकं या माणसानं खाल्लं तितकं सख्ख्या नातेवाइकांनीही खाल्लं नाही. आता डोकं खाणारं कुणी उरलं नाही आणि मला करमत नाही, हे त्यांना ऐकवायची सोय राहिली नाही.

फोटो काढताना ते कुणाला हसा म्हणायचे नाहीत. कॅमेऱ्यामागून नुसतं विचारायचे, "तुला घरी काय म्हनतात?" माणूस गडबडायचा. मिशीवाले सरपंच लाजून "बाळ्या" म्हणायचे, शाळेतल्या कडक बाई "छबी" म्हणायच्या, आणि तेवढ्यात बटन दाबलेलं असायचं. म्हणून मामांच्या फोटोतल्या माणसांचे ओठ जरासे उघडे असतात. जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात भिंतीवरचा फोटो बघून मी सांगू शकते की हा मामांनी काढलेला.

फोटोत खाडाखोड त्यांना खपायची नाही. एकदा एक पोरगा बायोडाटासाठी फोटो काढायला आला आणि म्हणाला, मामा, जरा गोरा करा. मामांनी त्याला दंडाला धरून आरशापुढं उभं केलं. "गोराच पाह्यजे तं दुसऱ्या कोनाला बोहल्यावर चढीव. तू कशाला चढतूस?" पोरगा तणतणत गेला आणि दुसरीकडून गोरा होऊन आला. त्याचं लग्न जमलं, पुढं काय झालं ते मला माहीत नाही.

गेलेल्या माणसाचा फोटो करून घ्यायला लोक यायचे, तेव्हा तर विचारू नका. लग्नाच्या ग्रुप फोटोतलं तोंड कापायचं, मोठं करायचं आणि खाली कोट-टाय चिकटवून द्यायचा, अशी आपल्याकडं पद्धत. मामा कोट चिकटवायचे नाहीत. "जिता व्हता तवा बनियनवर हिंडला. आता कोट घालून कोन्त्या कचेरीत जाऊन राहिला तो?" रडत आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मग मामाच त्यांना पाणी द्यायचे, चहा सांगायचे, आणि कोट न घालताच फोटो द्यायचे.

तर असा हा ओरिजनलचा शौकीन माणूस. त्यामुळं त्यांच्या वेबसाइटवरचा एकेक फोटो म्हणजे हळदीचं भरलेलं पोतं. दुकानातल्या मोठ्या पडद्यावर झकास दिसायचा, पण खेड्यात मोबाइलवर उघडायला गेलं की नुसतं चाक फिरत राहायचं. लोकांचे फोन यायला लागले. मामा, कपाळ दिसलं, डोळे अजून यायचेत! सिद्धेश्वरच्या एका म्हातारीचा नवरा धरणात मासे धरायचा. त्याचा नावेतला फोटो बघायला ती बिचारी रेंजसाठी धरणाच्या भिंतीपर्यंत चालत जायची. ती फोनवर म्हणाली, "मामा, हा मानूस जिता असतानी कधी येळंवर घरी आला न्हाई. आता फोटोत बी तसंच करून राहिला."

मी मामांना म्हटलं, "पेटी आहे तशी राहू द्या. फोटो हलके करून देणारी एक सेवा असते, ती पेटीला जोडू. कुणी फोटो मागितला की सेवा आपल्या पेटीकडं येईल, फोटो घेईल, त्या मोबाइलला झेपेल एवढी बारीक नक्कल करील, ती स्वतःजवळ ठेवील आणि पुढच्या माणसाला तीच देईल. पेटीला ताप नाही, लोकांना तकलीफ नाही."

"बारीक करते म्हंजे कायतरी फेकत असंल ना?"

"डोळ्याला दिसत नाही तेवढंच फेकते."

"कोनाच्या डोळ्याला?"

आता बोला! माझा चेहरा पडला. मामा म्हणाले, "तोंड बारीक करू नको. आन फोटो बी बारीक करू नको." आणि चहा सांगितला. हे वाक्य मी पुढं इतकं ऐकलं की माझ्या घरात भांडण झालं तरी मला तेच आठवायचं.

पण म्हातारीचं बोलणं त्यांच्या मनाला लागलं होतं. आठवड्यानं स्वतःच फोन करून म्हणाले, "ये, जोड तुझी सेवा. ती बाई भितीवर चढून पडली बिडली तं पाप मला लागन."

जोडायला बसलो. पडद्यावर रकाना आला. मी मोठ्यानं म्हटलं, "इथं मूळ पत्ता टाकायचा." मामा खुर्चीत सरळ बसले आणि सांगायला लागले, "लिही. मुक्काम पोस्ट सिद्धेश्वर, तालुका औंढा, जिल्हा हिंगोली."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो तुमचा नाही, फोटोचा! फोटो मुळात कुठं राहतो ते सेवेला सांगायचं, म्हणजे ती तिथं न्यायला येते."

मामा हसले नाहीत. "न्यायला येते," ते म्हणाले. "म्हंजे मुराळी."

आताच्या पोरींना सांगावं लागतं म्हणून सांगते. सासरी असलेल्या लेकीला सणावाराला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी, आणि असं माणूस पाठवण्याला मूळ धाडणं म्हणतात. मी म्हटलं, हो, तसंच समजा. मामा म्हणाले, "पन मुराळी घेऊन गेला की मागं घर सुनं व्हते."

"नाही हो मामा. ही नुसती नक्कल नेते. मूळ इथंच राहतं."

"मंग फोटोचं बरं हाय," असं म्हणून ते फडकं घेऊन पेटी पुसत बसले. त्या दिवशी मला त्या बोलण्यात काही विशेष वाटलं नाही.

सेवा जोडून झाली आणि आम्ही पहिला फोन सिद्धेश्वरला लावला. म्हातारी घरातच होती. शेजारच्या पोरीनं मोबाइल हातात दिला, आणि इकडं आम्हाला ऐकू आलं, "अगं बाई! आला की!"   मग म्हणाली, "दाढी तशीच वाढेल हाय, मामा." मामांनी फोन ठेवला, चष्मा काढला, आणि माझ्यावरच खेकसले की पंखा का बंद पडलाय. पंखा चालूच होता.

एवढं झाल्यावर माणसानं सुखानं झोपावं की नाही? नाही. दुसऱ्या दिवसापासून मामांनी एकेक नक्कल उघडून ओरिजनलशेजारी ठेवून तपासायला सुरुवात केली. सेवेनं काय चोरलं ते त्यांना पकडायचं होतं. कुणाच्या लुगड्याचा काठ, कुणाच्या गालावरची देवीची खूण. एकदा मी भाजी फोडणीला टाकली आणि त्यांचा फोन. "नरसीच्या जत्रंतली म्हातारी उघड. कपाळावरचं गोंदन गेलं." मी उघडून बघितलं, आणि खरंच, गोंदणाचे ठिपके एकमेकांत मिसळून डाग झाला होता. मी सेवेला सांगून नकला थोड्या जाड करायला लावल्या, तेव्हा गोंदण परत आलं. माझी भाजी मात्र करपली. अशी त्यांनी सगळी गावं, सगळी माणसं तपासून काढली. कितीही वैताग आला तरी एकालाही सोडलं नाही.

आणि मग म्हणाले, "एका फोटोला तुझी सेवा लावू नको."

फोटोचं नाव होतं चिमी. दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली विशीतली पोरगी, ओठाखाली तीळ. मामांच्या सगळ्या फोटोंत ओठ जरासे उघडे असतात, ही मात्र खदखदून हसत होती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माझी लेक. तिला बी इचारलं, तुला घरी काय म्हनतात. बापच इचारतो म्हनून हसू आवरना तिला." ती आता हयात नाही एवढं मला गावातून ऐकून माहीत होतं. मी पुढं काही विचारलं नाही. नियम लावला, की चिमी नावाचा फोटो सेवेनं हात न लावता सरळ पेटीतून द्यायचा, त्याची नक्कल करायची नाही, ठेवायची नाही, आणि आधी झालेली नक्कलही पुसून टाकली. "ओरिजनल ते ओरिजनल," मामा म्हणाले. लेकीच्या फोटोवर एवढा जीव असणारच, असं मला वाटलं.

त्या श्रावणात पंचमीच्या दिवशी मी काही कामानं दुकानात गेले आणि दारातच थांबले. पंखा फिरलेला होता! पेटीकडं पाठ, आणि सगळा वारा बाकावर बसलेल्या एका पोरीला. कॉलेजातली असेल. समोर मोठ्या पडद्यावर चिमीचा फोटो होता आणि मामा मागं चहाचे ग्लास धरून उभे.

"खाल्लं का काही?"

"व्हय."

"कालेज?"

"चालू हाय."

बस्स, एवढंच बोलणं. फोटो बघून झाल्यावर पोरगी उठली, वाकून पाया पडली आणि पुसेगावच्या काळीपिवळी जीपमध्ये बसून गेली. मामा गाडी वळेपर्यंत रस्त्यावर उभे होते. आत आले आणि मी न विचारताच बोलायला लागले.

"चिमीची लेक. पुसेगावच्या पलीकडं वाडीवर ऱ्हाते, बापाकडं. आमी बौद्ध मानसं, पंचमी करत न्हाई. पन लेकी यायचा दिवस कोन सोडते? ही पोरगी अंगावर पेत व्हती तवा चिमी आजारी पडली. कावीळ झाली व्हती. निरोपावर निरोप, बाबा, मला न्यायला या. लगीनसराई चालू व्हती. मी म्हनलो, येवढी लग्नं उरकू दे, पंचमीला धाडतो मूळ." मामांनी पंखा परत पेटीकडं फिरवला. "ती पंचमीपस्तोर ऱ्हायली न्हाई."

जावयानं दुसरं लग्न केलं. त्या घरातून चिमीचे फोटो कधी आणि कुठं गेले कुणाला ठाऊक. दोन्हीकडचं येणंजाणं तुटलं. मग पोरीच्या हातात मोबाइल आला, तिला वेबसाइट सापडली, आईचं नाव सापडलं, पण वाडीवर फोटो काही उघडेना. तिनं दुकानाच्या नंबरवर फोन केला. मामा म्हणाले, इथं येऊन पाह्य. ती आली, आणि तेव्हापासून दर पंचमीला येत होती.

"आता तू सेवा जोडली," मामा म्हणाले. "फोटो तिथंच उघडला तं लेकरू इथं कशाला येईल?"

मला राग आला, खरंच. "अहो, मग तिला तोंडानं ये म्हणा ना! तुमची नात आहे ती!"

"कोन्त्या तोंडानं म्हनू? मायेला मूळ धाडलं न्हाई, आन लेकीला ये म्हनू? हा फोटोच माझं मूळ हाय. तो उघडत न्हाई म्हनून ती येते. राहू दे तसाच."

मी घरी आले, उंबऱ्यातच बसले आणि पोटभर रडले. नियमाला हात लावला नाही.

त्या थंडीत मामा गेले. छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात नेलं, पण पोचलेच नाहीत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात मेणबत्त्या, फुलं, सगळी तयारी झाली आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की मामांचा फोटोच नाही. शेवटी आधार कार्डावरचा तिकिटाएवढा फोटो मोठा करून ठेवला. डोळे कुठले आणि चष्मा कुठला कळत नव्हतं. वर कुणीतरी हौसेनं कोट चिकटवला होता. मी हसले, आणि मग मला तिथं बसवेना. नातीला कळवलंय का, असं मी चार जणांना विचारलं. तिचा नंबर कुणाकडंच नव्हता.

त्यानंतर मी बहिणीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले. परत आले तर दुकानाच्या दारात मोबाइलची रंगीबेरंगी कव्हरं लटकलेली. मामांच्या पुतण्यानं तिथं नवा धंदा मांडला होता. पोरगा वाईट नाही. मी पेटीचं विचारलं तर म्हणाला, "तो काळा डबा व्हय ताई? चालू बी न्हवता, भंगारात दिला." फोटोंची जादा नक्कल ठेवलेली डिस्क दुकानातल्याच कपाटात होती, तीही गेली. बुरशी लागलेल्या निगेटिव्हा कचऱ्यात. मी तशीच भंगारवाल्याकडं धावले. माल केव्हाच जालन्याला गेला होता.

मग आठवली ती सेवा. पेटी मेली होती, पण नकला तिच्याजवळ असणार! लगेच उघडलं. ज्याचा फोटो निदान एकदा कुणी मागितला असेल त्याचीच नक्कल तिथं असते, बाकी कुणाची नसते. आणि मामांनी तर चोरी पकडायला एकूण एक नक्कल मागून बघितली होती. सिद्धेश्वरचा मासेवाला होता. नरसीची म्हातारी होती, गोंदणासकट. बाळ्या, छबी, देवीच्या खुणांचे गाल, सगळा जिल्हा ओठ जरासे उघडे ठेवून तिथं जिवंत होता. मी सगळे उतरवून घेतले आणि वेबसाइट नव्यानं उभी केली. एकच चौकट रिकामी राहिली. जो फोटो त्यांनी सगळ्यांत जपला तेवढाच गेला. पंचमी जवळ यायला लागली तशी मी रोज ती चौकट उघडून बघत बसायची.

ती आली. सवयीप्रमाणं काळीपिवळीनं दुकानापाशी उतरली, मामा गेल्याचं तिला पुतण्याकडून कळलं, आणि त्यानं तिला माझ्या घराचा पत्ता दिला. दारात उभी राहिली तेव्हा डोळे सुजलेले होते. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं, पंखा लावला. आणि मग, सांगणं भागच होतं म्हणून, सगळं सांगितलं. पेटी, भंगार, नकला, मामांनी लावायला लावलेला नियम. "सगळे वाचले गं. तुझ्या आईचा तेवढा नाही वाचला."

तिनं मोबाइल काढला, बोट फिरवलं आणि माझ्यापुढं धरला.

दुकानातला पडदा होता तो. वाकडा काढलेला, पडद्यावर आडव्या रेघा, चिमीच्या कपाळावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. तीळ काही दिसत नव्हता. हसू मात्र दिसत होतं.

"पहिल्या खेपंलाच काढला व्हता, मावशी. आजोबा चहा आनायला गेले तवा."

"अगं, मग दर पंचमीला फोटो बघायला कशाला येत होतीस?"

"फोटो पाह्यला कुठं येत व्हते?" ती म्हणाली. "त्यांना ये म्हनवत न्हवतं, आन मला येऊ का म्हनवत न्हवतं. फोटोचं निमित्त बरं व्हतं. मोबाइलमधी हाय म्हनून सांगितलं असतं तं त्यांना वाटलं असतं, आता ही येनार न्हाई."

माझं तोंड एवढंसं झालं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तोंड बारीक करू नका, मावशी." कुठून उचललं ते मला विचारावं लागलं नाही. मी डोळे पुसले आणि म्हटलं, हा फोटो मला दे, रिकाम्या चौकटीत लावते.

तिनं लगेच दिला नाही. आधी दोन बोटांनी पडद्याचा काळा कोपरा मोठा करून मला दाखवला. काचेत दुकानाचं दार उमटलं होतं, आणि दारात दोन हातांत चहाचे दोन ग्लास घेऊन आत येणारा माणूस. तोंड जरासं उघडं. काहीतरी बोलत येत असणार.

"टाका," ती म्हणाली. "पन हा बारीक करू नका. आजोबा आधीच लई बारीक आले त्यात."